चॅनेल गेटची किल्ली कुणाकडे असते?

शिकायला म्हणून लातूर-नांदेडला रूम करून राहणाऱ्या प्रत्येकासाठी : आग लागण्याआधी काय करायचं, आणि लागलीच तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं.

जून उजाडला की लातूर आणि नांदेडला गाड्या भरभरून पोरं-पोरी येतात. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव, यवतमाळ, शिवाय सीमेपलीकडची कर्नाटक-तेलंगणातली गावंसुद्धा. लातूरचा उद्योग भवन परिसर असो की नांदेडचं भाग्यनगर-श्यामनगर, रूम शोधायची घाई सगळीकडे सारखीच. रूम बघताना आपण काय विचारतो? भाडं किती, पाणी कितीला येतं, वाय-फाय आहे का, मेस किती लांब. सोबत आलेले आई-वडील आणखी एक प्रश्न विचारतात, "गेट कितीला बंद होतं?" मालक छाती फुगवून सांगतो, "दहाला कुलूप. नंतर चिमणीसुद्धा बाहेर जात नाही." आईचा जीव भांड्यात पडतो.

मुलींच्या होस्टेलमध्ये तर हे कुलूप म्हणजे सुरक्षेचा पुरावाच समजला जातो. पण त्याच्या पुढचा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. रात्री तीन वाजता खालच्या मीटर बोर्डाने पेट घेतला, तर ते कुलूप कोण उघडणार? मालक राहतो दुसऱ्या गल्लीत, वॉचमन काकांचा फोन उशीखाली, आणि किल्ली कुठल्या खिळ्याला आहे ते त्यांनाच ठाऊक.

हा घाबरवण्यासाठी रचलेला प्रश्न नाही. आपल्या आजूबाजूला अलीकडे काय घडलं ते आधी बघू.

पहाटेची वेळ, खाली दुकान, वर घर

३ एप्रिल २०२४. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी परिसरातला दाणा बाजार. पहाटे तळमजल्यावरच्या कपड्यांच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातल्या ७ जणांचा जीव गेला. त्यात दोन लहान लेकरं होती. आगीच्या ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या. ते गेले धुराने गुदमरून.

त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला मुंबईत चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत जवळपास हेच घडलं. पहाटेची वेळ, खाली दुकान, वर घर, आणि एकाच कुटुंबातल्या ७ जणांचा मृत्यू. १८ मे २०२५ ला लातूरच्या शेजारच्या सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली आणि ८ जण दगावले. कारखान्याच्या आवारातच राहणारं कुटुंबही त्यात होतं.

तिन्ही घटनांमधलं साम्य लक्षात आलं का? माणसं गाढ झोपेत होती, आग खालून आली आणि बाहेर पडायची वाट तिकडेच होती. लातूरच्या गंजगोलाईभोवती किंवा नांदेडच्या इतवारा-वजिराबाद भागात फिरून बघा. खाली दुकान, वर घर किंवा रूम, आणि मधे एकच अरुंद जिना अशा किती इमारती दिसतात ते मोजा.

क्लासच्या इमारतींचं उदाहरणही विसरण्यासारखं नाही. २४ मे २०१९ ला सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये आग लागली तेव्हा वरच्या मजल्यावर क्लास सुरू होता. जिन्याची वाट आगीने अडवली. मुलांनी वरून उड्या मारल्या. २२ विद्यार्थी गेले. १५ जून २०२३ ला दिल्लीच्या मुखर्जीनगरमध्ये कोचिंगच्या इमारतीतलं वीज मीटर पेटलं. आग तशी मोठी नव्हती, पण धुराने गोंधळ उडाला आणि पोरं खिडकीतून दोरीला, वायरीला लटकून उतरली. जीव वाचले, पण अनेक जण जखमी झाले.

लातूरकरांना पहाटेचं संकट नवीन नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली, त्याच्या आठवणी आजी-आजोबांकडून आपण ऐकल्यात. भूकंपाने विचार करायला सेकंदही दिला नव्हता. आग मात्र बहुतेक वेळा दोन-चार मिनिटं देते. ती मिनिटं कशी वापरायची हे आधी ठरलेलं असेल तर माणूस बाहेर पडतो.

खरा शत्रू धूर

सिनेमात हिरो आगीच्या ज्वाळांमधून धावतो आणि त्याला सगळं स्वच्छ दिसत असतं. प्रत्यक्षात खोली काही क्षणांत काळ्या धुराने भरते. हात समोर धरला तरी दिसत नाही. गादीचा फोम, प्लास्टिकच्या बादल्या, वायरींचं वेष्टण, पडदे हे सगळं जळताना विषारी वायू सोडतं. त्यातला कार्बन मोनॉक्साइड सगळ्यात लबाड. त्याला वास नाही, रंग नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. त्यामुळे झोपलेल्या माणसाला जागच येत नाही. धुराच्या वासाने झोपमोड होईल, या भरवशावर राहू नका.

म्हणून खोलीत बॅटरीवर चालणारा स्मोक अलार्म हवा. छताला स्क्रूने बसतो, वायरिंग लागत नाही. चार पार्टनरनी वर्गणी काढली तर एका वीकेंडच्या पार्टीपेक्षा जास्त खर्च येत नाही. महिन्यातून एकदा बटण दाबून वाजतो का ते बघायचं.

धूर गरम असतो, वर जातो. स्वच्छ हवा जमिनीलगत उरते. म्हणून धुरात उभं राहून पळायचं नाही. गुडघ्यांवर, हातांवर रांगत जायचं. आणि बंद दार ही फार मोठी ढाल आहे. साधं लाकडी दारसुद्धा धूर आणि आग काही मिनिटं रोखून धरतं. रात्री झोपताना दार लोटून घेण्याची सवय त्यासाठीच चांगली.

एका बोर्डावर किती भार?

रूमवरची आग बहुतेक वेळा तीन ठिकाणांहून सुरू होते : वीज, गॅस आणि बॅटरी.

आधी वीज. थोडं फिजिक्स करू. भिंतीवरचं साधं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं असतं. २३० व्होल्ट गुणिले ६ म्हणजे १३८० वॉट. त्या सॉकेटची ताकद एवढीच. आता त्यावर काय काय लावतो ते बघा. पाणी तापवायचा रॉड १५०० वॉटचा, इंडक्शन २००० वॉटपर्यंत, इस्त्री १००० वॉटची. रॉड एकटाच मर्यादा ओलांडतो. त्यात एक्स्टेन्शन बोर्ड लावून इस्त्रीही चालू केली, तर वायर आतल्या आत तापते, वेष्टण वितळतं आणि एक दिवस ठिणगी पडते. आपण म्हणतो "शॉर्टसर्किट झालं", जणू ते आभाळातून पडलं. रॉड, इंडक्शन, गिझर यांना १६ अँपिअरचं मोठं सॉकेटच हवं. खोलीत ते नसेल तर मालकाला रूम घेतानाच सांगा.

बोर्ड गरम लागतो, प्लग काळा पडलाय, बटण दाबताना चर्रर्र आवाज येतो, जळका वास येतो. यातलं काहीही दिसलं तर तो पॉइंट त्याच क्षणी बंद करायचा. एमसीबी सारखा पडतोय म्हणून त्याला काडी लावून वर अडकवणारे महाभाग आहेत. तो पडतोय म्हणजे तुम्हाला वाचवतोय. रॉड पाण्यात ठेवून अंघोळीच्या नंबरला भांडायला जाऊ नका. पाणी आटलं की प्लास्टिकची बादली पेटते. उन्हाळ्यात कूलरची टाकी कोरडी पडली तर आधी मोटर बंद करा. आणि लाइट गेली तर अभ्यासाला मेणबत्तीऐवजी चार्जिंगचा दिवा वापरा, कारण पुस्तकांच्या ढिगात डुलकी कधी लागेल सांगता येत नाही.

मग गॅस. मेसचं जेवण आवडत नाही म्हणून अनेक जण रूमवर गल्लीत भरून मिळणारा छोटा सिलिंडर ठेवतात. अनधिकृत भरलेल्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हची कुणीच तपासणी केलेली नसते. स्वयंपाक करायचाच असेल तर गॅस कंपनीचा अधिकृत ५ किलोचा सिलिंडर मिळतो, तो घ्या. रबरी नळी आयएसआय मार्कचीच हवी आणि तिच्यावर छापलेली मुदत बघा. झोपताना रेग्युलेटर बंद.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळालेला गॅस जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. दोन्ही वेळा ठिणगी पडू शकते. फोनसुद्धा त्या खोलीत नाही. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, आणि बाहेर आल्यावर १९०६ या गॅस हेल्पलाइनला फोन लावा.

तिसरी बॅटरी. मोबाइल उशीखाली चार्जिंगला लावून झोपणं, फुगलेली पॉवर बँक "अजून चालते की" म्हणून वापरणं, हे आपण सगळे बघतो. लिथियम बॅटरी एकदा बिघडून तापू लागली की आतली उष्णता स्वतःच वाढत जाते आणि ती विझवणं अवघड होतं. चार्जिंग फरशीवर किंवा टेबलावर, कापडापासून लांब, जागे असताना. ई-बाइक किंवा स्कूटी जिन्याखाली रात्रभर चार्जिंगला लावणं तर सगळ्यात वाईट. पेट घेतलाच तर सगळ्यांची एकमेव वाट तिथेच अडते.

पेटलं, आता?

पहिला नियम : ओरडा. "आग! उठा!" म्हणत शेजारची दारं वाजवा. आपण स्वतः विझवू, कशाला बोभाटा, या विचारात पहिलं मिनिट वाया जातं.

आग केराच्या डब्याएवढी छोटी असेल, दार तुमच्या पाठीमागे मोकळं असेल आणि हाताशी योग्य साधन असेल, तरच विझवायचा प्रयत्न करा. यातलं एकही नसेल तर बाहेर.

कढईतलं तेल पेटलं तर पाणी अजिबात टाकायचं नाही. पाणी तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडतं. गॅस बंद करा, वर झाकण किंवा मोठी परात सरकवून ठेवा आणि गार होईपर्यंत हात लावू नका. वीज पेटली तर आधी मेन स्विच बंद. चालू विजेवर पाणी नाही.

सिलिंडरच्या तोंडाशी ज्योत दिसली म्हणजे तो लगेच फुटतो असं नाही. हात सुरक्षित पोचत असेल तर जाड ओलं फडकं घेऊन रेग्युलेटर बंद करता येतो. पोचत नसेल तर लांब व्हा आणि अग्निशमन दलाला "आत सिलिंडर आहे" हे नक्की सांगा.

जिन्यात लाल सिलिंडर असतो. बहुतेकांनी तो कधी हातात घेतलेला नसतो. आजच जाऊन बघा : काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, मुदत संपली का. वापरायची पद्धत चार पायऱ्यांची. पिन ओढा. नोझल ज्वाळेकडे नाही, आगीच्या बुडाशी धरा. दांडा दाबा. डावीकडून उजवीकडे फिरवत राहा. छोटा सिलिंडर काही सेकंदांतच संपतो, म्हणून नेम आधी, दाब नंतर.

अंगावरचे कपडे पेटले तर पळू नका, वाऱ्याने आग भडकते. थांबा, खाली पडा, तोंड हातांनी झाका आणि लोळा. दुसऱ्याचे पेटले तर जाड सुती सतरंजी किंवा घोंगडी गुंडाळा. नायलॉनचं ब्लँकेट नको.

बाहेर पडताना बंद दार दिसलं तर तळहाताने नाही, हाताच्या पाठीने चाचपून बघा. गरम असेल तर उघडू नका, पलीकडे आग आहे. लिफ्ट नाही. मागे दार ओढून घ्या. आणि कशासाठीही परत आत जायचं नाही. मार्कशीट, टीसी, आधार यांचे फोटो आणि डिजिलॉकरमधली प्रत आधीच ठेवा, म्हणजे "माझी बॅग राहिली" हा मोह होणार नाही.

जिना धुराने भरलाय, उतरता येत नाही? मग धुरातून गच्चीकडे पळणंही धोक्याचं, कारण धूर जिन्यातूनच वर चढतो आणि गच्चीला बहुतेक ठिकाणी कुलूपच असतं. रस्त्याच्या बाजूच्या खोलीत जा, दार लावा, फटीत ओला टॉवेल कोंबा, खिडकीशी थांबा आणि मोबाइलची टॉर्च किंवा रंगीत कपडा हलवा. फोनवर घाबरून "लवकर या" एवढंच सांगू नका. परिसर, इमारतीचं नाव, मजला, जवळची खूण आणि आत किती जण अडकलेत, हे पाच मुद्दे सांगा.

भाजलं तर

टूथपेस्ट, शाई, तूप, हळद, बर्फ, काहीही लावायचं नाही. भाजलेल्या जागेवर साधं गार पाणी २० मिनिटं सोडत राहायचं. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज यायच्या आत काढा. चिकटलेला कपडा ओढू नका. मग स्वच्छ सुती कापडाने सैल झाकून दवाखान्यात. धूर छातीत गेला असेल तर वरून ठणठणीत दिसणाऱ्यालाही डॉक्टरांना दाखवाच.

२० मिनिटं पाणी म्हटल्यावर लातूरकर हसतील. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं शहर आहे आपलं. नळाला धार नसेल तर मगाने ओता, खाली टब ठेवा. पण एक भरलेली, झाकलेली बादली रूममध्ये कायम असू द्या. ती कपडे धुवायला संपवायची नाही.

मालकाशी बोलायचं कसं?

आपण भाडं देतो, त्यामुळे हे विचारणं म्हणजे आगाऊपणा नाही. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्याच्या कक्षेत येणाऱ्या इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा सुस्थितीत ठेवणं ही मालकाची किंवा ताबेदाराची जबाबदारी आहे, आणि तसं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. त्याला बोलीभाषेत 'फॉर्म बी' म्हणतात. क्लासला किंवा होस्टेलला प्रवेश घेताना पालकांनी फीसोबत एवढं विचारलं, "काका, फॉर्म बी कधीचा आहे?" तरी फरक पडेल.

राहिला कुलुपाचा प्रश्न. मालक म्हणतील, "पोरींची जबाबदारी आहे आमच्यावर, गेट उघडं कसं ठेवू?" त्यांची काळजी खोटी नाही. पण मधला मार्ग आहे. बाहेरून न उघडणारी पण आतून हाताने सरकणारी कडी बसवता येते. कुलूपच हवं असेल तर एक किल्ली गेटच्या आतल्या बाजूला काचेच्या छोट्या पेटीत ठेवता येते. काच फोडली की सगळ्यांना कळतं, त्यामुळे रात्री गुपचूप बाहेर जाण्याचा प्रश्नही उरत नाही. शिवाय प्रत्येक मजल्यावर एकाकडे किल्ली असावी. खिडकीच्या लोखंडी जाळ्यांचंही तेच. निदान एका खिडकीच्या जाळीला आतून उघडणारं झडप असावं. एकट्याने म्हटलं तर मालक टाळतील. मजल्यावरच्या सगळ्यांनी मिळून, सोबत दोन पालक घेऊन बोला.

आणि एक काम आपलंच. ट्यूशनच्या गल्ल्यांमध्ये दोन्ही बाजूंनी आडव्या-तिडव्या लावलेल्या गाड्यांमधून सायकल जाईना, तिथे बंब कसा जाणार? जिन्यात ठेवलेले चपलांचे रॅक, जुन्या गाद्या, मेसच्या डब्यांच्या पिशव्या आपल्याच आहेत.

गावाकडेही सांगा

सुट्टीत गावी गेलात की हे ज्ञान तिथेही न्या. उन्हाळ्यात कडब्याची गंज आणि गोठा पेटल्याच्या बातम्या आपल्याकडे दर वर्षी येतात. गंज घरापासून आणि विजेच्या तारांखालून लांब रचावी. चुलीतली राख पाणी मारूनच उकिरड्यावर टाकावी. जनावरांच्या दाव्याला एका ओढीत सुटणारी गाठ मारावी, म्हणजे अंधारात गडबड होणार नाही. शहरातून गावापर्यंत बंब यायला वेळ लागतो, म्हणून पाण्याचा एक ड्रम आणि वाळूच्या दोन बादल्या गोठ्याशी असाव्यात.

१४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन असतो. १९४४ मध्ये याच दिवशी मुंबई गोदीत 'फोर्ट स्टायकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्या आठवड्यात दलाची प्रात्यक्षिकं होतात. आपल्या महापालिकेच्या अग्निशमन केंद्रात जाऊन "आमच्या होस्टेलवर येऊन दाखवाल का?" असं विचारायला वर्षभरात कधीही हरकत नाही.

आज रात्री दहा मिनिटांचं काम

१. खोलीच्या दारापासून गेटपर्यंत चालत जा आणि पायऱ्या मोजा. नंतर एकदा डोळे मिटून, भिंतीला हात लावून, पार्टनरला सोबत घेऊन करा.

२. दुसरी वाट आहे का बघा. गच्चीचं दार उघडतं का, शेजारच्या इमारतीला गच्ची लागून आहे का?

३. बाहेर जमण्याची जागा ठरवा. समोरची मेस, कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान, काहीही चालेल. बाहेर आल्यावर तिथेच थांबायचं आणि माणसं मोजायची.

४. नंबर सेव्ह करा : अग्निशमन १०१, आपत्कालीन मदत ११२, रुग्णवाहिका १०८, गॅस गळती १९०६. आपल्या शहरातल्या अग्निशमन केंद्राचा थेट नंबरही दाराच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा.

५. झोपण्याआधी गॅस, रॉड, इस्त्री, चार्जर बंद. कुणी बंद करायचं याची पाळी लावा.

६. खाली जाऊन वॉचमन काकांना विचारा, "काका, रात्री गेटची किल्ली कुठं असते?" उत्तर ऐका आणि लगेच रूमच्या ग्रुपवर टाका.